यूट्यूब धावतं, कॉलेजचं पोर्टल रांगतं: यात नेट न्यूट्रॅलिटी कुठे मोडते?

पुण्यातल्या धायरीहून एका गृहस्थांनी प्रश्न विचारलाय. १८० फ्लॅटची सोसायटी, बिल्डरच्या काळापासून एकाच कंपनीचं इंटरनेट, दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाहीत. रात्री नऊनंतर यूट्यूबवर सिनेमा आरशासारखा स्वच्छ चालतो, पण त्याच वेळी मुलीच्या कॉलेजचं पोर्टल उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात. परीक्षेचा फॉर्म भरताना तिला तीनदा बाहेर फेकलं. वर प्लॅनसोबत दोन-तीन ओटीटी ‘फुकट’. त्यांचं म्हणणं, कंपनी यूट्यूबला मुद्दाम पुढे सोडते आणि कॉलेजला मागे ठेवते. हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग नव्हे का, आणि तक्रार कुठे करायची?

मी अठरा-एकोणीस वर्षं सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात लहानशी आयएसपी, म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी, चालवतोय. केबल ओढण्यापासून सुरुवात केली, आता फायबरवर आहे. म्हणजे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोर्टलबद्दलचा तुमचा संशय बहुतेक चुकीचा आहे. ओटीटीबद्दलचा तर नक्कीच. पण ‘दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाहीत’ हे जे तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, खरं दुखणं तिथे आहे. आणि नेट न्यूट्रॅलिटीचा नियम नेमका त्या दुखण्याला हात लावत नाही.

आधी नियम काय आहे ते पाहू. तुमच्या घरी येणारा डेटा कुणाचा आहे हे बघून आयएसपीने तो अडवायचा नाही, रेंगाळवायचा नाही, पुढे सोडायचा नाही आणि त्याला वेगळा दर लावायचा नाही. एक्स्प्रेसवेवर टोल गाडीच्या प्रकारावर घेतात. दादरला चाललात की ठाण्याला आणि तिथे कुणाकडे जेवणार, हे नाक्यावर कुणी विचारत नाही. १०० एमबीपीएसचा प्लॅन महाग आणि ४०चा स्वस्त, हा झाला गाडीचा प्रकार. तो चालतो. महिन्याचा कोटा संपल्यावर सगळाच वेग खाली आणतात, तेही चालतं, कारण तिथे यूट्यूब, कॉलेज, बँक सगळे एकाच मापाने मोजले जातात. ही कोट्याची अट, म्हणजे एफयूपी, हा कंजूषपणा आहे, आणि कंजूषपणा बेकायदा नाही.

‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द टिम वू या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००३ मध्ये रूढ केला. आपल्याकडे तो घरोघरी पोचला २०१५ मध्ये. त्याच्या आदल्या डिसेंबरात एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलना वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ११८ पानांचा सल्लामसलतीचा कागद काढला, त्यात २० प्रश्न. सरकारी कागद इतक्या लोकांनी इतक्या पोटतिडकीने वाचल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही. १० लाखांहून जास्त ईमेल गेले. त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ आलं: ॲपवाल्याने पैसे भरायचे आणि ग्राहकाला त्या ॲपचा डेटा फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं, पण लोकांचा राग बघून आठवड्याभरातच मागे फिरलं. मग मोजक्याच साइट फुकट दाखवणारं फेसबुकचं इंटरनेट डॉट ऑर्ग, त्याचं बारसं पुन्हा करून ‘फ्री बेसिक्स’. डिसेंबर २०१५ मध्ये वर्तमानपत्रांत त्याच्या पानपानभर जाहिराती होत्या.

त्या दिवसांत अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याकडे मी कनेक्शन द्यायला गेलो होतो. गल्ल्यावर तीच जाहिरात पसरलेली. मला म्हणाला, “फुकट देतायत तर तुमच्या पोटात का दुखतंय?” मी त्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं: “समजा उद्या शेजारी कुणी फुकट वाचनालय काढलं आणि त्यात एकाच प्रकाशकाची पुस्तकं ठेवली, तर?” त्याने क्षणभर विचार केला. “मग बाकीचे प्रकाशक माझ्याकडे येतील की.” मी गप्प बसलो. त्याचं उत्तर चूक होतं, पण मूर्खपणाचं नव्हतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं मिळालं तर काय बिघडलं, हा प्रश्न तेव्हा फ्री बेसिक्सच्या विरोधकांनी जरा जास्तच सहज उडवून लावला. खरी मेख अशी होती की त्या वाचनालयात कोणतं पुस्तक ठेवायचं हे ठरवणारा स्वतःच प्रकाशक होता.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला: डेटाच्या मजकुराप्रमाणे वेगवेगळा दर लावायचा नाही. दंड दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. आपत्कालीन सेवांना सूट. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटाच इतका स्वस्त झाला की ‘हे एक ॲप फुकट’ या आमिषात काही दम राहिला नाही. आपली पाठ थोपटताना आपण हे विसरतो. नियमाची खरी परीक्षा त्या काळात झालीच नाही. पुढे जुलै २०२४ मध्ये मोबाइलवाल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दर वाढवले. दर असेच चढत राहिले तर जुनी आमिषं नव्या नावाने परत येतील असं मला वाटतं.

वेग आणि अडवणुकीबद्दलचा दुसरा भाग नंतर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायच्या शिफारशी आल्या आणि ३१ जुलै २०१८ ला दूरसंचार विभागाने त्या परवान्यांच्या अटींत घातल्या. म्हणजे आज माझ्यासारख्या गल्लीतल्या आयएसपीच्या परवान्यातही भेदभाव करू नये असं लिहिलेलं आहे. अमेरिकेत हेच प्रकरण पाळण्यासारखं झुलत राहिलं: २०१५ मध्ये नियम आला, २०१७ मध्ये काढला, २०२४ मध्ये परत आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने पुन्हा रद्द केला. आपल्याकडचा टिकून आहे.

नियम नव्हता तेव्हा काय चालायचं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीच ते केलंय.

साधारण २००९-१० सालची गोष्ट. तेव्हा मला मुंबईहून जी बँडविड्थ घ्यावी लागे तिचा दर एका एमबीपीएसला महिन्याला हजारांत होता. अडीचशे ग्राहक आणि हातात मोजून काही एमबीपीएस. त्यातली पंधरा-वीस पोरं मोठमोठ्या फाइल उतरवायला रात्रंदिवस टॉरेंट लावून ठेवायची आणि बाकीच्यांचं साधं ईमेल उघडायचं नाही. मी मायक्रोटिकच्या राउटरवर एक नियम लिहिला: संध्याकाळी सात ते अकरा, टॉरेंटसारखा दिसणारा डेटा १६ केबीपीएसवर. दुसऱ्या दिवसापासून तक्रारीचे फोन बंद. मला वाटलं, काय डोकं चालवलंय!

तीन आठवड्यांनी नऱ्ह्यात राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या एका मुलाचा फोन आला. “काका, लिनक्सची आयएसओ फाइल उतरवतोय, चार दिवस झाले, अजून ३० टक्के. लॅबमध्ये शुक्रवारी लागणार आहे.” मी त्याला ‘वरून प्रॉब्लेम आहे’ असं सांगितलं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं. फोन ठेवल्यावर राउटर उघडला, तर त्याचा डेटा माझ्याच नियमात अडकलेला. आकडा हलत होता, १५, १६, १५. चोरीचा सिनेमा उतरवणारा आणि लॅबसाठी लिनक्स उतरवणारा माझ्या राउटरला सारखेच दिसत होते. मी ‘कुणाचा डेटा कमी महत्त्वाचा’ हे ठरवायला बसलो होतो आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मग मी नियम बदलला. गर्दी झाली की सगळ्यांना समान वाटा, मग तो काहीही करत असो. ज्याने जास्त ओढलंय तो आपोआप मागे. टॉरेंटवाली पोरं तरीही चिडली, पण त्यांच्याशी खरं बोलता येत होतं. आजचा नियम ज्याला वाजवी वाहतूक व्यवस्थापन म्हणतो ते साधारण याच जातीचं आहे: गरजेपुरतं, तात्पुरतं आणि कुणाचं नाव न बघता केलेलं.

आता तुमचं पोर्टल. इथे जरा तपशिलात जातो.

तुम्ही सिंहगड रस्त्याकडचे, तेव्हा पाण्याची भाषा कळेल. यूट्यूब तुमच्याकडे परदेशातून येत नाही. गूगल, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्या आपले सर्व्हर थेट आयएसपीच्या रॅकमध्ये आणून ठेवतात. यंत्र फुकट देतात. वीज, जागा, एसी आमचा. लोक जे व्हिडिओ सारखे बघतात त्यांच्या प्रती त्या डब्यात आधीच भरून ठेवलेल्या असतात. आम्ही त्याला कॅश म्हणतो. म्हणजे यूट्यूबची टाकी तुमच्या गच्चीवरच आहे. कॉलेजच्या पोर्टलला मात्र टाकी नाही, त्याचं पाणी दर वेळी थेट खडकवासला धरणातून यायचं. कधी मुंबईतल्या डेटा सेंटरमधून. कधी, स्वस्त होस्टिंग घेतलं असेल तर, समुद्राखालच्या केबलने सिंगापूर नाहीतर अमेरिकेहून.

माझ्याकडे असा पहिला डबा बसला त्या संध्याकाळी मी ग्राफसमोर बसून होतो. रोज साडेआठला मुंबईच्या लिंकची रेघ वर चढायची आणि छताला जाऊन सपाट व्हायची. सपाट रेघ म्हणजे लिंक तुडुंब, त्याच्या पुढचं सगळं रांगेत. त्या दिवशी रेघ चढली आणि निम्म्यातच थांबली. बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, “बरं झालं, पण या डब्याचा आवाज केवढा आहे!” रास्त तक्रार होती, तेव्हा रॅक आमच्या घराच्या खालच्याच खोलीत होता.

तर रात्री नऊला तुमच्या कंपनीची मुंबईची लिंक भरली असेल तर यूट्यूबला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण त्याला मुंबईला जायचंच नाही. कॉलेज मात्र त्या गर्दीत सापडतं. बघणाऱ्याला हा भेदभाव वाटतो. करणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. आणि ‘काहीच केलेलं नसतं’ हाच कधीकधी गुन्हा असतो: ग्राहकांची बहुतेक संध्याकाळ डब्यातून निघते, ओरड होत नाही, मग मुंबईची लिंक वाढवायचा खर्च कशाला, असा हिशोब काही आयएसपी करतात. नेट न्यूट्रॅलिटीचा नियम या आळसाला पकडू शकत नाही. २०१७ च्या शिफारशींनी असे कॅश आणि सीडीएन (अशा टाक्यांचं जाळं) आपल्या कक्षेबाहेर ठेवले, आणि ते बरोबरही होतं. टाकी बसवायला बंदी केली तर सगळेच तहानलेले राहतील.

पण विषमता इथेच आहे हे मान्य करायला हवं. ज्याच्याकडे हजारो आयएसपींच्या रॅकमध्ये डबे ठेवण्याइतका पैसा आहे तो तुमच्या घरापासून तीन मिलिसेकंदांवर राहतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात बसून मराठी व्हिडिओची साइट काढणारी दोन पोरं तशी राहू शकत नाहीत. त्यांना भाड्याची टाकी, म्हणजे दुसऱ्याचं सीडीएन घ्यावं लागतं. ते आज बऱ्यापैकी स्वस्त मिळतं, काही प्रमाणात फुकटही, म्हणून मी याला अन्याय म्हणणार नाही. आयएसपींमध्येही तेच. ठरावीक वाहतुकीच्या वर असाल तरच डबा मिळतो. लहानांना मुंबईत कुणाच्या तरी टाकीतून पाइप ओढावा लागतो.

आता तुमच्या बाबतीत नक्की काय होतंय ते तुम्हीच तपासा. लॅपटॉप राउटरला वायरने जोडा. वायफायवर काहीही मोजू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी टीव्हीच्या मागे कोंबलेल्या राउटरपाशी संपतात. स्पीड टेस्टवरही फार भरवसा ठेवू नका, कारण तिचा सर्व्हर बऱ्याचदा आयएसपीच्याच जाळ्यात असतो. म्हणजे तुम्ही पुन्हा गच्चीवरच्या टाकीचंच पाणी मोजताय. रात्री नऊ ते दहा आणि सकाळी सात, अशा दोन वेळांना पोर्टलचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) आणि ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो तो रस्ता) घ्या आणि लिहून ठेवा. शिवाय त्याच रात्री मोबाइल डेटावरून पोर्टल उघडून बघा.

गेल्या महिन्यात वडगाव बुद्रुकला माझ्याच एका ग्राहकाकडे हेच केलं. तक्रार अगदी तुमच्यासारखी, मुलगा फॉर्म भरत होता. पिंग ६ मिलिसेकंद, म्हणजे पोर्टल मुंबईतच होतं आणि रस्ता मोकळा होता. पण पान मागितल्यापासून पहिलं अक्षर यायला ११ सेकंद. मोबाइलवरही तेवढेच. फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि हजारो पोरं एकाच वेळी त्या सर्व्हरच्या दारात उभी होती. त्या मुलाचे वडील माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी जबाबदारी झटकायला सबब सांगतोय. मी त्यांना सकाळी सहाला परत उघडायला सांगितलं. सकाळी त्यांचा मेसेज आला, फक्त एक अंगठा.

तुमच्याकडे आकडे वेगळे निघाले, म्हणजे सकाळी मुंबईपर्यंत ५ मिलिसेकंद आणि रात्री ८०, मधे डेटाची पाकिटं गळतायत, तर लिंक तुंबलेली आहे. व्हीपीएन (डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) लावल्यावर पोर्टल एकदम पळायला लागलं तर काही जण लगेच ‘सापडला चोर’ म्हणतात. घाई करू नका. व्हीपीएनने रस्ताच बदलतो आणि तुंबलेला तुकडा टळतो, एवढाही अर्थ असू शकतो. पण इतर सगळं सुरळीत असताना एकाच साइटचा वेग कुठल्याशा नेमक्या आकड्यावर रोज अडत असेल, माझ्या त्या १६ केबीपीएससारखा, तर मात्र कुणीतरी नियम लिहून ठेवलाय. नैसर्गिक गर्दी अशी सरळ रेषेत येत नाही.

तुंबलेल्या लिंकची तक्रार करताना ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द वापरू नका. त्याने समोरच्याला हात झटकायला बरं पडतं. सेवेच्या गुणवत्तेवर बोला. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांपासूनच गर्दीच्या तासाला लिंक ८० टक्क्यांवर भरू नये असा दंडक होता. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर घ्या, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा, म्हणजे जुन्या ग्राहक मंचाचा, रस्ता मात्र उघडा आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

‘फुकट ओटीटी’चं उत्तर दोन ओळींत. कंपनी तुमच्या वतीने वर्गणी भरते, डेटा मात्र सगळ्यांचा सारखाच मोजला जातो. दिवाळीच्या किराण्यावर स्टीलचा डबा द्यावा तसं आहे ते. ‘हे ओटीटी बघितलं तर कोट्यातून डेटा कापणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर तो २०१६ च्या नियमाचा भंग.

सरकारी किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद केलेल्या साइट हा तिसराच प्रकार. तिथे आम्ही फक्त हुकमाचे ताबेदार.

याच विषयात हल्ली एक नवी मागणी जोर धरतेय आणि ती तुमच्या खिशाशी जास्त संबंधित आहे. मोठ्या दूरसंचार कंपन्यांची संघटना सीओएआय म्हणते की नेटवर्कवर सगळ्यात जास्त वाहतूक टाकणाऱ्या व्हिडिओ आणि चॅट कंपन्यांनी त्या खर्चातला ‘न्याय्य वाटा’ द्यावा. जुलै २०२३ मध्ये ट्रायने ओटीटीच्या नियमनावर पुन्हा सल्लामसलत काढली, तेव्हा हा मुद्दा जोरात होता. ऐकायला पटतं. पण वाहतूक ‘टाकतं’ कोण? यूट्यूब आपणहून तुमच्या घरात पाणी सोडत नाही, नळ तुम्ही उघडता आणि त्या पाण्याचे पैसे दर महिन्याला मला देता. तेच पैसे मी धरणाकडूनही मागायचे? दक्षिण कोरियाने २०१६ पासून वाहतूक पाठवणाऱ्या बाजूने पैसे द्यायची पद्धत लावली. पुढे तिथल्या एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्सची वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली, ती २०२३ मध्ये तडजोडीने मिटली. व्हिडिओ गेमचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ट्विचने जास्तीच्या नेटवर्क खर्चाचं कारण देत फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथला धंदाच बंद केला. आपल्याकडे हा वाटा सुरू झाला तर तो मोठ्या आयएसपींना मिळेल, माझ्यासारख्याला विचारणार कोण? आणि ज्या कंपनीकडून वाटा मिळतो तिचं पोर्टल रात्री नऊला तुंबू देणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको.

५जीमधल्या स्लाइसिंगवरही, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळे भाग पाडण्यावरही, असाच वाद येऊ घातलाय. नियमात ‘विशेष सेवां’ना सूट आहे, रुग्णालय किंवा कारखान्यासाठी वेगळी मार्गिका त्यात बसू शकते. स्वारगेट-कात्रजच्या बीआरटीसारखं समजा. बसला वेगळी मार्गिका दिली तर कुणाची हरकत नसते. त्या मार्गिकेत उद्या एखाद्याच मिठाईवाल्याचे टेम्पो दिसायला लागले तर मात्र पुणेकर पत्रं लिहील. तेव्हा लिहूच.

आता सोसायटी.

नवी इमारत उभी राहताना बिल्डर केबलसाठी डक्ट (बंदिस्त मार्ग) आणि पाइप टाकतो. तेव्हाच एखादी कंपनी येते, आतलं सगळं फायबर ‘फुकट’ ओढून देते, बिल्डरला किंवा नंतर कमिटीला काही रक्कम देते आणि बदल्यात तीन, पाच, कधी दहा वर्षं दुसऱ्या कुणाला डक्टमध्ये येऊ द्यायचं नाही असं लिहून घेते. मग माझ्यासारखा कुणी आला की पार्किंगमधल्या त्या कुलूपबंद पेटीसमोर उभं राहून वॉचमनशी हुज्जत. एका सोसायटीने माझ्याकडे ‘प्रवेश शुल्क’ म्हणून दीड लाख मागितले. चाळीस घरांची सोसायटी होती. बाहेरचा रस्ता खोदून पूर्ववत करायचा तर मीटरमागे हजारो रुपये लागतात, पावसाळ्यात खोदाई बंद, आणि एवढं करून फाटकाशी पोचल्यावर शेवटचे पन्नास मीटर दीड लाखाचे!

पण इथेही माझे हात स्वच्छ नाहीत. २०१२ च्या सुमाराला मीही असा करार केला होता. तीन वर्षं, एकच आयएसपी, मी. बिल्डरनेच सुचवलं आणि मी खुशीने सही केली. पहिलं वर्ष उत्तम गेलं. दुसऱ्या वर्षी तिथला एक स्विच (घराघरांच्या केबल जोडणारं यंत्र) महिनाभर अधूनमधून बंद पडत होता. रोज यादीत पहिलं नाव त्याचं असायचं आणि रोज मी दुसऱ्याच सोसायटीत जायचो, कारण तिथे प्रतिस्पर्धी होता आणि ग्राहक पळाले असते. इथे कुणी पळणार नव्हतं. कुणाचाही डेटा मी अडवला नाही, कुठल्याही साइटला मागे ठेवलं नाही. नियमाच्या भाषेत मी पूर्ण तटस्थ होतो. सगळ्यांना सारखंच वाईट इंटरनेट देत होतो.

इमारतीच्या आत एकाच कंपनीची मक्तेदारी नसावी, अशी शिफारस ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच केली होती. २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीप्रमाणे मानांकन द्यायचे नियमही आले. पण मानांकन हे मानांकन असतं. तुमच्या पार्किंगमधल्या पेटीचं कुलूप त्याने उघडत नाही. ते उघडायची किल्ली सोसायटीकडेच आहे.

तेव्हा आधी करार मागा. करार बिल्डरने केलाय की कमिटीने, हे महत्त्वाचं आहे. बिल्डरने केला असेल तर जागा सोसायटीच्या ताब्यात आल्यावर तो सोसायटीवर किती बंधनकारक आहे, हे चांगल्या वकिलाला दाखवण्यासारखं आहे. कमिटीने केला असेल तर त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी होती का ते बघा. सहकार कायद्याप्रमाणे सभासदाला सभांची इतिवृत्तं आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद बघता येतो. हिशोबात ‘इतर उत्पन्न’ नावाची एक ओळ असते, मोबाइल टॉवर आणि जाहिरातींच्या फलकांच्या शेजारी. कंपनीने सोसायटीला दिलेले पैसे तिथे दिसायला हवेत. दिसले नाहीत तर ते कुठे गेले, हा प्रश्न सेक्रेटरींना सभेत विचारा, जिन्यात नको.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला हवी आणि तिची नोटीस १४ दिवस आधी निघते. त्याच्या आधीच लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेवर एक ओळ घालून घ्या: डक्टमधून कमीत कमी तीन आयएसपींना समान दराने प्रवेश. ‘समान दराने’ हे शब्द सोडू नका. आणि डक्टमध्ये रिकामा पाइप आहे का, हे सभेच्या आधी प्लंबरला घेऊन बघून या, नाहीतर ठराव पास होईल आणि फायबर ओढायला जागाच नसेल. माझं एकदा तसं झालंय.